गच्चीवरच्या कुरडया

नोकरीतली बरीच प्रकरणे आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. हे एक मात्र ताटात कुरडई आली की अजूनही जसेच्या तसे आठवते.

लागोपाठच्या दुष्काळाची वर्षे होती. शहर मुकुंदवाडीच्या पुढे वाढत चालले होते. नव्या कॉलन्यांना नळ होते, नळांना पाणी नव्हते. माझे पोलीस ठाणे त्याच भागात. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी कुरडया झाल्या नाहीत. मी कुरकुर केली तेव्हा बायको म्हणाली, "तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. पाणी आणून द्या, लगेच करते."

त्याच सुमारास वरून एक कागद आला. रुग्णवाहिकांच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या समितीत काही जागा रिकाम्या होत्या. एका जागेसाठी आमच्या हद्दीतल्या एका धर्मादाय संस्थेच्या अध्यक्षांचे नाव पुढे होते. त्यांची चारित्र्य पडताळणी करायची होती. असल्या कामात जुने गुन्हे नाहीत एवढे पाहायचे आणि 'प्रतिकूल काही नाही' असा शेरा मारायचा, हा सगळीकडचा रिवाज. अध्यक्षांवर साधी अदखलपात्र तक्रारही नव्हती.

सही करणार तोच कन्नडची एक बाई ठाण्यात आली. अंगणवाडीत मदतनीस होती. तिचा नवरा घाटात जीप उलटून जखमी झाला होता आणि याच संस्थेच्या रुग्णवाहिकेतून त्याला शहरात आणले होते.

"साहेब, तो माणूस कमिटीवर चाललाय म्हणं. माझ्या मालकाला त्याच्या गाडीत पत्र्यावर निजवून आणलं. स्ट्रेचर नव्हतंच. दोन्ही अंगाला पाण्याचे ड्रम. वळणावर एक ड्रम सरकला अन् त्यांच्या कमरेवर आला. आता पाय हलत नायत."

पाय जीपमुळे गेले की ड्रममुळे, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते. तेही तिनेच सांगितले. मग म्हणाली, "पण सगळ्यांच्या गाड्या तपासायला ह्योच बसला, तर आम्ही जायचं कुठं?"

मी पेन खाली ठेवले आणि त्या रुग्णवाहिकेच्या चालकाला बोलावून घेतले.

"स्ट्रेचर गाडीतच होतं, साहेब. बाई घाबरलेली, तिला काय दिसलं असंल?"

"आणि ड्रम?"

"कसले ड्रम? नाय साहेब."

तीनदा विचारले. तिन्ही वेळा शब्द इकडचा तिकडे झाला नाही. खरे सांगणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना काही विसरतो, काही नवे आठवतो. पाठ केलेलेच तेवढे सारखे येते. पण गाडी पाहिली तर आत स्ट्रेचर होते, आणि नुसत्या संशयावर गुन्हा दाखल होत नाही.

शेवटी पडताळणीचे निमित्त करून मी स्वतः अध्यक्षांच्या घरी गेलो. बोलायला माणूस गोड. त्यांच्या पत्नीने चहाबरोबर ताटलीभर तळलेल्या कुरडया आणून ठेवल्या. "घ्या ना साहेब, यंदाच्याच आहेत." मी एक मोडली आणि घास तोंडातच राहिला. साऱ्या कॉलनीत प्यायला पाणी नाही आणि या घरात गहू भिजतो?

"वहिनी, यंदा जमल्या कशा? आमच्याकडं पाण्यापायी राहिल्या."

"आमचं पाणी कन्नडहून येतं ना, संस्थेच्या विहिरीचं." अध्यक्ष खाकरले, पण वहिनी रंगात आल्या होत्या. "चला, वाळवण दाखवते."

गच्चीवर निळे ड्रम ओळीने उभे होते. त्यांच्या शेजारी चाकांचे एक स्ट्रेचर, त्यावर जुनी साडी अंथरलेली आणि साडीवर कुरडया. "लई सोयीचं आहे हे," त्या कौतुकाने म्हणाल्या. "ऊन सरकेल तसं ढकलायचं." दांडीवर संस्थेचे नाव रंगवलेले होते. मी मागे पाहिले. अध्यक्ष जिन्यातच थांबले होते.

गणवेशात संताप दाखवू नये असे आम्हाला शिकवलेले असते. त्या दिवशी ते मला फार जड गेले. पंच बोलावले, पंचनामा केला, स्ट्रेचर जप्त केले. ते कळल्यावर चालकाचे पाठांतर संपले.

"स्ट्रेचर असलं की ड्रम बसत नव्हते, साहेब. अध्यक्षसाहेबांनीच काढायला लावलं. सायरन लावला की रस्त्यात कुणी अडवत नाय. तुम्ही बोलावल्यावर दुसऱ्याच्या गाडीतलं मागून आणून बसवलं."

संस्थेच्या मालमत्तेच्या अपहाराचा गुन्हा नोंदवला आणि पडताळणीत 'शिफारस करता येत नाही' असे लिहिले. वरून फोन आले. मी ऐकून घेतले, शेरा तसाच ठेवला. अध्यक्षांचे नाव गळाले.

पुढे कुठेही पडताळणीला गेलो की जुन्या गुन्ह्यांच्या आधी मी एक गोष्ट पाहायचो. गावात ज्याची टंचाई आहे, ते या घरात मुबलक कसे? त्या प्रश्नाने मला बऱ्याच ठिकाणी वाट दाखवली.

न्यायालयाच्या आदेशाने ती गाडी आणि स्ट्रेचर कन्नडच्या सरकारी दवाखान्याच्या ताब्यात गेले. मुद्देमाल बाहेर काढला त्या दिवशी ती बाई ठाण्यात होती. समितीवरची ती जागा अजून रिकामीच आहे, असे मी तिला सांगितले. ती स्ट्रेचरच्या सांध्यात अडकलेला कुरडईचा तुकडा नखाने काढत होती.

"राहू द्या रिकामी," ती म्हणाली. "हे तेवढं आजच गाडीत बसवा, साहेब. परवा मालकाला तपासणीला आणायचंय."