विमान का पडतं, याची सभा

शाल माझ्या खांद्यावर अर्धी आली होती. शेजारी बसलेल्या हवाई दलातल्या निवृत्त अधिकाऱ्यांनी तेवढ्यात विचारलं, मी कोणत्या साली पायलट झालो. मी म्हणालो, "पायलट नाही सर. मेकॅनिक होतो."

ते हसले. शाल घालणाऱ्या दादासाहेबांकडे पाहून म्हणाले, "अहो, हे तर आमचे नटबोल्टवाले."

दादासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी शाल परत ओढून घेतली. घडी घातली. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मास्तर, तुम्ही जरा खाली बसता काय? स्टेजवर गर्दी होऊन राह्यली."

स्टेजवर पाच खुर्च्या होत्या आणि मला धरून चार माणसं.

मी उतरलो. समोर माझीच मुलं बसली होती, संस्थेच्या आयटीआयची. त्यांना मी फिटरचं काम शिकवतो. शिकवत होतो. सैनिकी विमानतळावर वीस वर्षं शिकाऊ विमानांची देखभाल केली, निवृत्त होऊन उंद्रीला आलो आणि या संस्थेत कंत्राटावर लागलो. करार दर जूनला नवा व्हायचा. पेन्शन आहे, उपाशी मरायची वेळ नव्हती. पण ते वर्कशॉप ही एकच जागा होती जिथे माझ्या हातांना किंमत होती. तिथे मी मास्तर होतो. त्या दारातून बाहेर पडलो की बौद्धपुऱ्यातला अमक्याचा पोरगा. पन्नाशी गाठली तरी पोरगाच.

या पायलटच्या घोटाळ्यात माझाही वाटा होता. वडील गावात सांगत, पोरगा विमानात आहे. गावानं ऐकलं, पोरगा विमान उडवतो. सुट्टीवर आलो की लोक विचारत, वरून उंद्री दिसते का. मी हसायचो. खोडलं कधीच नाही. आपल्याकडे विमानाजवळ उभा राहिलेला प्रत्येक माणूस पायलट असतो, आणि मला ते गोड लागत होतं. दादासाहेबांनीही त्याच समजुतीवर मला स्टेजवर बसवलं होतं.

त्या आठवड्यात कुठेतरी एक शिकाऊ सैनिकी विमान शेतात पडलं होतं. शिकणारा आणि शिकवणारा, दोघंही गेले. चौकशी अजून बसायची होती. आमच्या संस्थेची सभा मात्र बसली. विषय फलकावर रंगवला होता: 'प्रशिक्षण विमानांचे अपघात : कारणे व उपाय'. दादासाहेबांचे व्याही पुण्याहून आले होते, ते निवृत्त अधिकारी. व्याह्यांना रिकामं कसं पाठवायचं, हा सभेमागचा खरा विचार.

पहिल्यांदा फिजिक्सचे प्राध्यापक बोलले. पक्षी, धुकं आणि ग्रहमान, अशी तीन कारणं त्यांनी दिली. तिसरं दादासाहेबांसाठी होतं. मग अधिकारी उठले. चांगलं बोलत होते. विमान कसं गिरकी घेतं, ते हातानं करून दाखवलं. मुलं पुढे सरकून ऐकत होती. मीही ऐकत होतो. मग त्यांचा हात थांबला.

"यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो. पायलट मेरिटवर येतो. खालचा स्टाफ कसा येतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. मेरिट बाजूला ठेवलं की अशी विमानं पडणारच."

सभागृहात हलकं हसू फिरलं. मोठ्यानं कुणी हसलं नाही. पहिल्या दोन रांगा मागे वळल्या आणि माझ्याकडे पाहिलं. जणू मी नुकताच एखादं विमान पाडून आलो होतो.

मी खाली पाहत बसलो. वीस वर्षांची सवय.

तेवढ्यात शिपाई एक कागद घेऊन आला. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. पत्रिकेत छापलं गेलं होतं, आता बदलता येत नव्हतं. कागद ऑफिसातून टाइप होऊन आला होता. शेवटी दादासाहेबांनी पेनानं एक ओळ वाढवली होती: 'आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांच्या चुकांवर साहेबांनी नेमके बोट ठेवले, याबद्दल मी ऋणी आहे.'

शिपाई हळूच म्हणाला, "वाचून टाका न मास्तर. दोन मिन्टाचं काम हाये."

माइकपर्यंत वीस पावलं असतील. दाराशी दादासाहेबांची माणसं, समोर माझी मुलं, हातात कागद. तिन्हीकडून कोंडलेलो. आणि चालताना मला विमानं दुरुस्त करायचा आमचा हँगर आठवला.

आमच्या कामाची एक रीत होती. हत्यारांचा फळा असायचा. प्रत्येक पान्याचं चित्र फळ्यावर रंगवलेलं. पाना काढला की त्याच्या जागी आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा. काम झालं की पाना जागेवर, बिल्ला खिशात. एकाही पान्याच्या जागी बिल्ला लटकत असेल तर विमान उडणार नाही. हरवलेला पाना विमानाच्या पोटात राहिला असेल आणि हवेत कुठल्या तारेत अडकला तर खेळ संपला. फळा भरला की मेकॅनिक वहीत सही करतो, विमान ठीक आहे. त्या सहीवर विश्वास ठेवून पायलट आत बसतो.

एका सकाळी फळ्यावर माझा बिल्ला लटकत होता. दहा नंबरचा पाना सापडत नव्हता. मी विमान थांबवलं. त्या दिवशी मोठे पाहुणे कवायत पाहायला आले होते. माझा अधिकारी आला. मी सांगितलं, पोट उघडून पाहावं लागेल, दोन तास द्या. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "साइन करो. तुम लोग काम कम, बहस ज़्यादा करते हो."

तुम लोग. त्याचा अर्थ हँगरमधल्या सगळ्यांना कळला.

मी सही केली.

बाविसेक वर्षांचा पोरगा त्या विमानात बसला. बसताना मला म्हणाला, "थँक यू भैया." चाळीस मिनिटं मी आकाशाकडे पाहत उभा होतो. विमान परत आलं. पाना दुपारी विमान ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या सीटखाली सापडला. कुणी काही विचारलं नाही. विमान परत आलं की सगळ्या सह्या खऱ्या ठरतात.

माइकसमोर उभा राहिलो तेव्हा मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. मेरिट हँगरमधल्या त्या अधिकाऱ्याकडेही होतं आणि माझ्याकडेही. त्याला थांबायचं नव्हतं आणि मला थांबवता येत नव्हतं. विमान पडलं असतं तर चौकशीत एकच सही सापडली असती. माझी. आणि अशाच एखाद्या सभागृहात पहिल्या दोन रांगा मागे वळल्या असत्या.

मी कागद दुमडला.

"हे मी वाचणार नाही," मी म्हणालो. "साहेब, एक विचारतो. तुमच्या नोकरीत खालच्या माणसानं 'विमान उडू देत नाही' म्हटलं, अन् तुम्ही थांबले, असं किती वेळा झालं?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. माइक बंद झाला. दादासाहेबांनी बोट हलवलेलं मला दिसलं होतं.

मागून एक मुलगी ओरडली, "बोला मास्तर, ऐकू येऊन राह्यलं."

मी माइकशिवाय बोललो. पान्याची गोष्ट सगळी सांगितली. सही मी केली, हेही. पायलट नव्हतो, हेही. टाळ्या वाजल्या नाहीत. राष्ट्रगीत घाईनं सुरू झालं आणि सगळे उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी ऑफिसात बोलावलं. चहा मागवला. रागावले नाहीत, त्याचीच भीती वाटली. "तुमचं खरंही असन मास्तर. पण व्याह्यासमोर बोलाचं असते काय? दोन ओळी लिहून द्या, विषय संपला. जूनमंधी ऑर्डर काढतो." दोन ओळी टाइप करून ठेवल्याच होत्या: 'मी सांगितलेली घटना काल्पनिक असून भावनेच्या भरात बोललो.' खाली माझं नाव आणि सहीसाठी रेघ.

मी म्हणालो, "सही नाही करत."

"काऊन? कोण पाह्यते हा कागद?"

"मी पाहतो."

चहा तसाच राहिला.

घरी बायकोनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, वर्कशॉपवाचून तुम्ही घरात भिंती उकराल. खरं आहे. जून आला, ऑर्डर आली नाही. माझ्या जागी दादासाहेबांचा भाचा लागला. तो मेरिटवर आला असणार. आता सकाळी आठ वाजता माझे हात शोधत राहतात, आणि दिवसभरात त्यांना काही सापडत नाही. त्याचं दुःख आहे. ते लपवत नाही.

पण बसून राहिलो नाही. त्या सकाळची हकिगत मी माझ्या जुन्या विमानतळाच्या पत्त्यावर लेखी पाठवली आहे. दिवस, विमानाचा क्रमांक, पान्याचा नंबर. मला बोलावलं तर जाईन. पेन्शनवर आलं तरी जाईन. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहीन, त्यांच्या वरच्यांना लिहीन. दोषींची नावं मागितली तर देईन. पहिलं नाव माझं असेल. दुसरं, 'साइन करो' म्हणणाऱ्याचं.