जनावरांच्या डॉक्टरनं घेतलेली परीक्षा

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाला पाझर तलावाचं काम निघालं. घरटी एकदोन माणसं कामावर होती, मीही होते. आमच्या टोळीतल्या बायकांत चौथी पास मी एकटीच. कुणाचं पत्र वाचायचं असलं, अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे यायच्या. मला त्याचा माज होता. खोटं कशाला सांगू?

टोळीतल्या एकीची पोरगी दहा वर्षांची होती. दुपारच्या सुट्टीत आईची भाकरी घेऊन कामावर यायची. तिसरीत दोनदा नापास झालेली. सहाचा आकडा तीन काढायची, तिनाचा सहा. अक्षरं उलटी, अर्धी गाळलेली. गाव तिला मठ्ठ म्हणायचं, मीही म्हणायचे. तिच्या बापानं सांगून टाकलं होतं, "औंदा नापास झाली की शाळा बंद. उचलू दे माती."

एके दिवशी मुकादमानं नवा खड्डा आखून दिला. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल. पोरगी काठावर बसून बघत होती. म्हणाली, "आई, ह्यातून दोनशे वीस पाट्या निघतील."

टोळीतली म्हातारी हसली. "आली मोठी इंजिनेर!"

आम्हाला चेव आला. संध्याकाळपर्यंत एकेक पाटी मोजत आम्ही खड्डा उपसला. दोनशे सतरा भरल्या.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला म्हणाले, "चुकलीस की गं. तीन कमी भरल्या."

तिनं म्हातारीकडे बोट केलं. "ह्या आजी शीग लावून भरतात. सपाट भरल्या असत्या तर दोनशे वीसच झाल्या असत्या."

मग आम्हाला खेळच सापडला. रोज दुपारी भाकरी खाताना तिला काहीतरी विचारायचो. पावणेसातला बारानं गुणायला लावा, नाहीतर अवघड भागाकार घाला, ती घास गिळायच्या आत उत्तर द्यायची. शाळेत सातवीचा वर्ग पातळ पडदीच्या भिंतीपलीकडे भरायचा, त्यांची गणितं तिला ऐकून येत होती. कागद दिला की मात्र सगळं बिघडायचं.

बौद्धवाड्यातली एक बाई आमच्या टोळीत होती. आम्ही पाण्याची घागर वेगळी ठेवायचो तिची, हेही लिहून ठेवते. तीच पहिल्यांदा म्हणाली, "हिचं डोकं चालतंय, हात चालंना. तोंडी परीक्षा घ्या म्हणून सांगू या गुरुजींना."

पोरीची आई घाबरली. "न्हाई बया, गुरुजी चिडतील."

"चिडू दे की. खात्यात का काय तुला?"

आम्ही चौघी शाळेत गेलो. गुरुजी माणूस वाईट नव्हता, पण नियम सोडून इंचभर सरकायचा नाही. म्हणाले, "बाई, बोलतो तर राघूसुद्धा. पेपर कोरा आला तर मार्क कशाला देऊ? वरचा हुकूम आणा. गुरुवारी डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार आहेत, त्यांना विचारा."

अर्ज मी लिहिला. दोन कागद फाडले, तिसरा जमला. सह्या करणारी मी एकटी, बाकीच्यांचे अंगठे. अंगठ्याला लावायला शाई नव्हती, म्हणून तव्याच्या बुडाची काजळी तेलात कालवली. चौदा बायकांनी अंगठे उठवले. म्हातारीनं दोन उठवले, एक उजवा, एक डावा. म्हणाली, "दोन्ही हातांनी सांगतीया."

गुरुवारी आम्ही रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यावर काम मागून घेतलं. खर्डा या बाजारगावाकडून धुरळा उठला, जीप दिसली. त्या साली गावात जीप आली म्हणजे आत साहेबच. आम्ही पाट्या टाकून रस्त्यात उभ्या राहिलो. जीप थांबली. मी अर्ज हातात दिला आणि बौद्धवाड्यातली बाई बोलायला लागली ती थांबेचना. पाट्यांचा हिशेब, उलटे आकडे, बापाची धमकी, सगळं सांगितलं. म्हातारी मधेमधे "व्हय सायब, खरं हाय" म्हणत होती. भाकरी घेऊन आलेल्या पोरीला आम्ही पुढं ढकललं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. अर्ज वाचला. मग म्हणाले, "अहो बाई, मी जनावरांचा डॉक्टर आहे. छावणीवर निघालोय."

मला धरणी दुभंगावी असं झालं. बरोबरच्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, मी शिकलेली ना! ड्रायव्हर हसून हसून स्टिअरिंगवर पडला.

बौद्धवाड्यातली हटली नाही. "मग तर बरंच झालं. मुक्या जनावराला काय झालंय ते तुमी वळखता. ही तर बोलती. बघा वळखून."

डॉक्टर जीपमधून खाली उतरले. पोरीला म्हणाले, "छावणीत तीनशे साठ जनावरं आहेत. एकेकाला रोज पाच किलो चारा. ट्रकमधून पंचेचाळीस क्विंटल आला. किती दिवस पुरेल?"

"अडीच दिवस." आणि लगेच, "पन सायब, वासराला पन पाच किलो का? त्यांना कमी दिला तर तिसऱ्या दिवशी सांच्यालाबी पुरंल."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. "हे आमच्या लोकांना कळत नाही," म्हणाले. अर्जाच्या खाली त्यांनी लिहिलं, "मी या मुलीस प्रश्न विचारले. उत्तरे अचूक. तोंडी परीक्षा घ्यावी असे माझे मत." सही केली आणि ड्रायव्हरकडून पेटी मागवून खाली शिक्काही मारला. शिक्का अर्थातच गुरांच्या दवाखान्याचा.

खरे डिप्टी त्याआधीच एसटीनं येऊन शाळेत बसले होते. आम्ही अंगावरच्या मातीसकट आत शिरलो. डिप्टींनी अर्ज वाचला, अंगठे बघितले, शिक्का बघितला आणि गुरुजींना विचारलं, "मास्तर, तुमच्या शाळेत जनावरं किती?" गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग त्यांनी पोरीला पुढं बोलावलं. गणित, भूगोल, कवितेचा अर्थ, अर्धा तास विचारत राहिले. पोरगी उभ्यानं उत्तरं देत होती आणि आम्ही दारात उभ्या होतो. पोरीच्या आईनं माझा दंड असा धरला होता की चार दिवस वळ होता. शेवटी डिप्टींनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं आणि गुरुजींना वाचून दाखवायला लावलं. मुलीची सर्व विषयांची परीक्षा तोंडी घ्यावी, लेखनाचा सराव वेगळा द्यावा, त्यावरून नापास करू नये.

गुरुजींनी ते मोठ्यानं वाचलं. म्हातारीनं तिथंच कडाकडा बोटं मोडली, पोरीची दृष्ट काढली.

एप्रिलमध्ये पोरगी चौथीत गेली. बापानं खर्ड्याच्या बाजारातून तिला नवं दप्तर आणलं.

त्याच आठवड्यात तीन आया माझ्या दारात आल्या, आमच्याही लेकरांचा अर्ज लिही म्हणून. एकीची लेक तोतरी होती, तिचा लिहिला. एकीच्या लेकीला फळ्यावरचं दिसत नव्हतं, तिचाही लिहिला. तिसरीला म्हणाले, "तुझी लेक नुसती आळशी हाय. तिला अर्ज न्हाई, पहाटे उठवायला शीक." ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही.