एकाच ताग्यातल्या चिंध्या

कुडपणचा भागोजी स्वतःला गावाचा अर्धा डॉक्टर म्हणवून घ्यायचा, आणि त्यावर कुणी हसलं की त्याला मनापासून राग यायचा. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्याचं अडलं नव्हतं. आठवड्यातून एकदा तो खोकणाऱ्यांच्या कफाच्या बाटल्या पिशवीत घालायचा, डोंगर उतरून पोलादपूर गाठायचा आणि तिथून एसटीनं महाड. महाडात तय्यबची लॅबोरेटरी होती. एक खोली, एक सूक्ष्मदर्शक दुर्बीण. डोंगरातल्या माणसांचा कफ तय्यब निम्म्या दरात तपासून द्यायचा. धाप लागलेल्या माणसाला एवढी वाट चालवत नेण्यापेक्षा भागोजी बरा, असं गावानं ठरवून टाकलं होतं.

बाटल्यांवर नावं लिहिणार कोण? ज्यानं त्यानं आपल्या घरची चिंधी बाटलीच्या गळ्याला बांधायची, अशी रीत भागोजीनं घालून दिली होती. काशीरामची लाल, तुळजाबाईची धोतराच्या काठाची. चिंधी बघून भागोजी नाव सांगायचा आणि तय्यब ते चिकटपट्टीवर लिहून घ्यायचा. सहा वर्षांत एक बाटली इकडची तिकडे झाली नाही, हे भागोजी भेटेल त्याला ऐकवायचा.

त्र्याऐंशी सालच्या माघात त्याच्याच भावकीतल्या दोघी खोकू लागल्या. एक त्याची सून ललिता, दुसरी चुलत पुतण्याची बायको मंजुळा. मंजुळाचं पोर अजून अंगावर पीत होतं. आदल्या वर्षीच्या लग्नात, रुसवेफुगवे नकोत म्हणून, भावकीतल्या सगळ्या बायकांना चोळीचं कापड एकाच ताग्यातून घेतलं होतं. दोघींनी नेमकी त्याच चोळीची चिंधी फाडून बांधली. हिरव्यावर पिवळे ठिपके.

भागोजीच्या ते ध्यानात आलं होतं, म्हणून सुनेची बाटली त्यानं पिशवीत डावीकडे ठेवली. पण वाटेत एसटीनं असा गचका दिला की पिशवी मांडीवरून घसरून खाली आडवी झाली. तय्यबच्या टेबलावर बाटल्या मांडताना त्याचा हात थबकला.

"कुणाची कुठली, भागोजीबाबा?" तय्यबनं विचारलं.

ठाऊक नाही, एवढंच म्हणायचं होतं हो! तय्यबनं दोन्ही बाटल्या फेकून नव्या आणायला सांगितल्या असत्या आणि एक खेप वाया गेली असती. पण सहा वर्षांचा तोरा आडवा आला.

"ही आमच्या ललिताची. ती मंजुळाची."

"पक्कं ना?"

"मी कवा चुकलोय काय?"

पुढच्या खेपेला तय्यबनं चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. ललिताचा कफ साफ होता. मंजुळाला क्षय होता.

मंजुळाचं पोर त्याच दिवशी अंगावरून तोडलं. ते दोन दिवस रडलं, मग शेळीच्या दुधावर गप्प झालं. तिचं ताट वेगळं झालं, आणि आठवड्याभरात, पोर सासूपाशी ठेवून, तिला बिरवाडीला माहेरी धाडलं. तिथं रोजची सुई मिळेल, असं सासरच्यांनी सांगितलं. ते खरंही होतं, पण कुणालाच ती घरात नको होती. पंधरा दिवसांत तिचा खोकला थांबल्याचं कळलं. औषध लागू पडलं, गाव म्हणालं. भागोजीनंही मान डोलावली.

ललिताचा खोकला काही थांबेना. अडुळसा झाला, हळद झाली. ज्येष्ठात ती म्हणाली, "मामंजी, माजी अजून एक बाटली न्याल काय?"

"कागदावर साफ हाय म्हनून लिवलंय गो," भागोजी म्हणाला. "उगा कशाला भ्या घेतेस?"

भ्यायला होता तो स्वतः. नव्या बाटलीत काय निघेल याची त्याला धास्ती होती.

भाद्रपदात तिला रक्ताची गुळणी आली. डोलीत घालून तिला खाली उतरवलं, महाडला नेलं. तय्यबनं दुर्बिणीतून पाहिलं आणि भागोजीला बाहेर बोलावलं. "बाबा, दुखणं फार पुढं गेलंय. माघातली ती बाटली नक्की हिचीच होती?" दसऱ्याच्या आत ललिता गेली.

तेराव्यानंतर तो बिरवाडीला गेला. मंजुळा अंगणात तांदूळ पाखडत होती. अंगानं भरली होती, चांगली धडधाकट दिसत होती. भागोजीनं उभ्यानंच सगळं सांगितलं.

ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "गेल्या मयन्यात पोराला आणलावता. माज्याकडं येईना. सासूच्या मागं लपला." मग तिनं सूप खाली ठेवलं. "पिशवी घसरली ती तुमची चूक नाय, मामंजी. पन इतकं मयनं गप का ऱ्हायलात?"

तोऱ्याचं नाव सांगून सुटता आलं असतं. पण चिठ्ठी ऐकली त्या दिवशी आपल्याला काय वाटलं होतं, ते भागोजीला पुरतं आठवत होतं. आपलं घर वाचलं म्हणून त्याला आनंद झाला होता. तो आनंद हातचा जाऊ नये म्हणून त्यानं एकीचं पोर तोडू दिलं आणि दुसरीला डोळ्यांदेखत मरू दिलं.

"साफ कागद माज्या घरात आलावता गो," तो म्हणाला. "मला तो हवा होता."

मंजुळा उठली, आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.