अडसर आणि दोन हात

आखातात, मआमीरला आमचा सिमेंटच्या ब्लॉकचा कारखाना. तिथला मिक्सर चिनी. मिक्सर म्हणजे चटणी वाटायचा नव्हे. आत माणूस उभा राहील एवढी लोखंडी कढई आणि तिच्यात फिरणारी पाती. सिमेंट चिकटून दगड झालं की एकाने आत उतरून ते फोडायचं. ते काम भावोजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. त्यांचा व्हिसा मीच काढला. तेव्हा ताई म्हणाली होती, "तुझ्या भरवशावर पाठवतेय हो." मी इलेक्ट्रिशियन, त्यामुळे ते उतरण्याआधी मेन स्विच बंद करणं माझं काम.

मशीन बसवायला एक चिनी इंजिनिअर आला होता. हिंदी मफी, म्हणजे अजिबात नाही, इंग्रजी जेमतेम. चहाच्या वेळी पॅनलवरच्या धुळीत बोटाने अक्षरं काढायचा आणि मोबाईलवर भाषांतर दाखवत समजावायचा. आधी म्हणे सगळी चित्रंच होती, हाडांवर आणि कासवाच्या कवचावर कोरलेली. गोल आणि मधे ठिपका, तो सूर्य. पुढे लिहिता लिहिता गोलाची चौकट झाली. एकदा त्याने दोन फळ्यांचं दार काढलं, मधे अडसर, खाली अडसर उचलणारे दोन हात. हे 'उघडणं'. लिहायला सोपं जावं म्हणून अलीकडे दारच काढून टाकलं, अडसर आणि हात तेवढे राहिले: 开. मी म्हटलं, कमाल आहे, घर गेलं आणि कडी राहिली. मग त्याने स्विचवरचं तेच अक्षर दाखवलं, म्हणजे चालू. दुसऱ्या बाजूचं 关 म्हणजे बंद. मी मान डोलावली आणि विसरून गेलो. वर इंग्रजी स्टिकर होतेच की.

दसऱ्याला आपण हत्यारं धुतो, तिथे मशीन कसं सोडणार? मी डिझेलच्या फडक्याने पॅनल लख्ख घासलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. घासताना दोन्ही स्टिकर निघून गेले. उत्साह दांडगा माझा, त्याचं काही वाटलंसुद्धा नाही.

दोनच दिवसांनी मिक्सर साफ करायचा होता. मी न बघता, सवयीने स्विच फिरवला आणि म्हटलं, "उतरा भावोजी." खरं तर स्विचला कुलूप लावायचं असतं. ते खिळ्याला लटकत होतं. आत हॅमरची धडधड सुरू झाली आणि जाता जाता फोरमन म्हणाला, "स्विच मैंने पहले ही बंद कर दिया था, देखा ना?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्याने बंद केला होता, तर मी काय केलं? की तो दुसऱ्याच मशीनचं बोलत होता? विचारायला वळलो तर तो यार्डात पोचलेला. चालू-बंद दाखवणारा पॅनलवरचा दिवा महिनाभर उडालेला. मी कढईवर पाना आपटला. भावोजींना वाटलं मी थट्टा करतोय, त्यांनीही आतून दोनदा ठोकलं.

तेवढ्यात वरच्या केबिनमध्ये चहा पिऊन आलेल्या ऑपरेटरने हॉर्न दिला. हॉर्न थांबला की पाती फिरतात.

भीतीने माणूस बधिर होतो म्हणतात, ते खरं आहे. समोर दोन अक्षरं, दोन्ही मला किड्यांसारखी. एकाच्या डोक्यावर दोन ठिपके. दुसऱ्याच्या डोक्यावर आडवी रेघ. अडसर. त्याखाली दोन हात. आणि स्विचचा काटा त्या हातांवरच होता. तरी माझा हात फिरेना. इंजिनिअरने असंच सांगितलं होतं, की मीच उलटं लक्षात ठेवलं होतं? ताईचा चेहरा दिसायला लागला. हॉर्न थांबला. मी स्विच फिरवला आणि डोळे मिटले.

काहीच झालं नाही. वरून ऑपरेटर विचारत होता, "चालू क्यों नहीं हो रहा?" मी तिथेच खाली बसलो.

थोड्या वेळाने भावोजी बाहेर आले, भुवयांपर्यंत पांढरे. "काय रे मेव्हण्या, मघाशी हॉर्न वाजला का?"

"बाजूच्या मशीनचा," मी म्हणालो. खोटं बोललो. खरं सांगायची छाती झाली नाही, आजही होत नाही.

आता कुलूप लावल्याशिवाय मी त्यांना उतरू देत नाही, आणि किल्ली त्यांच्याच खिशात घालतो. शुक्रवारी ताईचा फोन येतो. तो मी आधी भावोजींच्या हातात देतो. ते "हॅलो" म्हणाले की मग मला श्वास घेता येतो.