पावणेपाचला थांबवलेलं घड्याळ

बीदरच्या कॉलेजात माझा सेमिनार होता. विषय : युरोपातल्या देशांचे मंत्री एकत्र बसून निर्णय कसे घेतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आधीच्या सेमिनारला माझी बोबडी वळली होती, म्हणून सरांनी ही शेवटची संधी दिली होती. सकाळी आठला.

आदल्या दिवशी हॉस्टेलात गॅदरिंगच्या जेवणावरून वाद पेटला. चार भाषांच्या चार खोल्या. मराठी पोरांना पुरणपोळी हवी, कन्नड पोरांना होळिगे, उर्दूवाल्यांना बगारा भात, तेलुगूवाल्यांना चिंचेचा भात. होळिगे म्हणजे पुरणपोळीच, पण हे कबूल करायला दोन्ही खोल्या तयार नव्हत्या. वॉर्डननी बजावलं होतं, "पाचच्या आत एक यादी द्या, न्हाई तर रोजचंच वरण."

मी भीतभीत सांगितलं, की तिकडं प्रत्येक देशाचा एक मंत्री बसतो आणि मोठ्या गोष्टीत एकानं नकार दिला तरी निर्णय अडतो.

"मग आमी बी अडवताव!" चारी खोल्यांचे प्रतिनिधी खुशीत म्हणाले आणि अडवून बसले. वर दर मुद्द्याला एकेक जण आपल्या खोलीत पळायचा. "सरकारला इचारून येतो."

पावणेपाच वाजले. "आता काय करतेत रे तुझे मंत्री?" एका प्रतिनिधीनं विचारलं.

"मुदत संपायला आली की कधीकधी घड्याळ थांबवतात," मी पुस्तकात वाचलेलं सांगितलं.

कन्नड प्रतिनिधी स्टुलावर चढला आणि त्यानं माझ्या खोलीच्या भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक धरला. "थांबलं बघ, अण्णा!"

दिवेलागणीला तडजोड झाली. तू माझ्या होळिगेला व्हय म्हण, मी तुझ्या भाताला म्हणतो. चारही पदार्थ यादीत आले. वॉर्डननी घड्याळाकडं बघितलं, खिडकीबाहेरच्या अंधाराकडं बघितलं आणि मुकाट्यानं यादी घेतली. स्वयंपाकी तेवढा म्हणाला, "पुरण वाटायला बी मंत्रीच पाठवा."

सकाळी जाग आली तेव्हा पांघरुणावर ऊन होतं. घड्याळात पावणेपाच. अजून पुष्कळ वेळ आहे म्हणून मी कूस बदलली.

कॉलेजात पोचलो तर तास संपत आला होता.

"कामून उशीर?" सर ओरडले.

मी खरं ते सगळं सांगितलं. अडवणूक, सरकारला विचारणं, लंबक, तडजोड. वर्ग हसत होता. मी एकदाही अडखळलो नाही, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

"बस. झाला तुझा सेमिनार," सर डोळे पुसत म्हणाले. "एवढंच सांग, ते मंत्री घड्याळ परत चालू कधी करतेत?"

"सर, तेवढं पुस्तकात न्हाई."

हॉस्टेलात परतलो तेव्हाही पावणेपाचच वाजले होते.