साखरपुड्यातलं मंचुरियन

नवऱ्याची वाळूजची कंपनी बंद पडली, तेव्हा सिडकोतल्या आमच्याच घराच्या पुढच्या खोलीला शटर बसवून आम्ही चायनीज सुरू केलं. भट्टीपुढं मी असायची. जाळ एवढा, की पहिल्याच आठवड्यात माझ्या भुवया करपल्या. नवरा पार्सलं बांधायचा. तरी नवं गिऱ्हाईक त्यालाच म्हणायचं, "उस्ताद, हाथ में मजा है." तो नुसता हसायचा.

माझे थोरले दीर लासूर स्टेशनला राहायचे. आमच्या घरातली बाई रस्त्यावर कढई हलवती, म्हणून दुकानाची पायरी ते कधी चढले नाहीत. त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला तेव्हा मात्र आले. पाव्हण्यांना चायनीज पाहिजे होतं. मी समोरच उभी होते, पण दीर बोलले नवऱ्याशी.

"तिला सांग, मंचुरियन तिनंच करायचं. भायेरचा आचारी ऐन येळेला दगा देतो. आन मांडवात येऊ नको म्हणाव. मी पाव्हण्यांना सांगितलंय, शहरातून हॉटेलवाला बोलावलाय."

नवऱ्यानं माझ्याकडं वळून तेच पुन्हा सांगितलं. जशी मी बहिरीच!

मी गेले ती पुतणीसाठी. कॉलेजला ती आमच्याकडंच राहिली होती, माझ्या ताटात जेवली होती.

साखरपुड्याच्या दिवशी मला घरामागं, गोठ्याला लागून भट्टी मांडून दिली. डोक्यावर ऊन, पुढं उकळतं तेल. मी कोबीचे गोळे तळत होते आणि मांडवातून दिरांचा आवाज येत होता, "लई नावाजलेला आचारी हाय, येत नव्हता, ओढून आणला."

नवरा इस्त्रीच्या शर्टात रिकामी परात घेऊन आला. "सगळे विचारायलेत, कुणी केलं म्हणून."

"मग? सांगितलं का तुम्ही?"

"दादा समोर होते ना."

मी भट्टी बंद केली. परात भरली आणि तशीच, तेलकट साडीत, घामेजल्या तोंडानं मांडवात गेले. मुलाच्या आईपुढं उभी राहिले.

"हे मी केलंय. मी ह्यांच्या धाकट्या भावाची बायको. सिडकोत आमचं दुकान आहे. हॉटेलवाला-बिटेलवाला कुणी नाय."

दीर पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले, "आत हो!"

"का म्हणून? चोरी केलीय का मी?"

मुलाची आई एवढंच म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." ते कौतुकानं की टोमण्यानं, मला आजही कळलेलं नाही. तिनं वाढून मात्र घेतलं. साखरपुडा रीतसर पार पडला.

लग्नाचं बोलावणं त्याला एकट्याला आलं. मला वाटलं, हा जाणार नाही. तो गेला. सकाळी दाढी केली, नवे कपडे घातले, आणि मी कोबी चिरत असताना माझ्या पुढून निघून गेला.

आता पुतणीच्या सासरचे शहरात आले की आमच्याकडूनच पार्सल नेतात. पुतणी फोन करते, "काकू, झालं गेलं सोड. बाबांचा स्वभावच तसा."

बाबांचं सोड गं. तुझ्या काकाचं काय करू?