मधलं नाव

राजारामपुरीत आमचा बायकांचा साक्षरता वर्ग दुपारी भरतो. शाळेतून रिटायर झाल्यावर मी तो घ्यायला लागले आणि किस्से साठत गेले. घरी सांगितले की सगळे हसून मोकळे होतात. मला दर वेळी हसू येतंच असं नाही.

*

पहिल्या आठवड्यात गंगव्वांनी पाटीवरचं ‘घ’ आणि ‘र’ चारदा म्हटलं. अर्थ लागेना. मी म्हटलं, न थांबता म्हणा. त्यांनी म्हटलं आणि पाटी जवळ ओढली.

“बाई, ह्ये तर घर की.”

*

गंगव्वा सीमेकडच्या, घरात कानडी. पुढं त्या पुस्तकातला धडा घडाघडा वाचायला लागल्या. काय कळलं, असं विचारलं.

“वाचलं की. कळायचं राहिलंय.”

इतकं खरं उत्तर मला शाळेत कुणी दिलं नव्हतं.

*

घरातलं अक्षर असलेलं काहीही आणा म्हटलं, तर बायकांनी नावं घातलेली भांडी आणली. गंगव्वांची परात शेजारणीची निघाली. त्यांनी ती परत केली, वर नाव वाचूनही दाखवलं.

*

अक्काताई मात्र वेगळ्या कारणानं आल्या. नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. दवाखान्यातून शब्दांची कार्डं मिळाली होती. रोज वाचून दाखवायची, त्यांच्याकडून म्हणवून घ्यायची. घरात दोघंच, आणि अक्काताईंना अक्षर येत नव्हतं.

“मला लौकर शिकवा, बाई,” म्हणाल्या. मला धडकीच भरली.

त्या शिकल्या. परीक्षेत स्वतःचं पूर्ण नाव वाचायचं होतं. त्यांनी ‘अक्काताई’ वाचलं, थांबल्या, मग ‘पाटील’ वाचलं. परीक्षकांनी मधल्या नावावर बोट ठेवलं.

“येत न्हाय असं न्हाय. लिवून दावते.”

सुरेख लिहिलं, पण वाचलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. मार्क कापले गेले. मला परीक्षकांचा राग आला आणि थोडा अक्काताईंचाही.

*

मग एकदा त्यांच्या घरी गेले. सराव चालला होता. ‘पाणी’ झालं, ‘भाकरी’ झाली. नवऱ्याचे ओठ हलायचे, आवाज फुटत नव्हता. पाच महिने हेच चाललं होतं. शेवटचं कार्ड नवऱ्याच्याच नावाचं. अक्काताई ते रोज नुसतं दाखवून खाली ठेवत.

मी म्हटलं, “ऐकल्याशिवाय त्यांनी म्हणायचं कसं?”

अक्काताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. कार्डावर बोट ठेवलं.

“म... हा... दे... व.”

मग न थांबता, सगळं नाव एकदम, जरा मोठ्यानं म्हटलं.

नवऱ्यानं मान वळवली.

“काय गं?”